गटात न येणाऱ्याचं काय?

छत्तीसगढमधल्या भिलाईच्या सेक्टरांमध्ये संध्याकाळी सहाच्या सुमाराला बाकं भरू लागतात. बागेत, मंदिराच्या ओट्यावर, बंद दुकानाच्या पायरीवर निवृत्त माणसं येऊन बसतात. कुणी कोक ओव्हनमध्ये होता, कुणी रेल मिलमध्ये, कुणी अकाउंट्समध्ये. बोलणं हिंदीत चालतं, पण दोन मराठी माणसं शेजारी आली की आवाज खाली जातो आणि भाषा नागपुरी होते. विषय ठरलेले असतात: ईपीएस-९५ची तुटपुंजी पेन्शन, मेडिक्लेमचा फॉर्म, पुण्याला किंवा बंगलोरला गेलेला मुलगा. मधेच कुणीतरी एका गृहस्थाची चौकशी करतो, ‘तब्येत ठीक नाही’ असं उत्तर येतं आणि विषय पुढं सरकतो. तो गृहस्थ दिवाळीपासून आलेला नसतो.

वृद्धांच्या मानसिक आजारांवर वस्तीतच, गटात बसवून उपचार करता येतात का, या प्रश्नाचा आढावा घ्यायचा तर त्या गृहस्थाला विसरून चालणार नाही. गटाविषयी जे काही लिहिलं जातं ते बहुतेक गटात आलेल्यांविषयी असतं.

गट म्हणजे नेमकं काय

आधी शब्द नीट करून घेऊ. चार म्हातारी माणसं एकत्र बसली की तो उपचार होत नाही. ज्येष्ठ नागरिक संघ, विरंगुळा केंद्र, हास्यक्लब, भजनी मंडळ यांना आपण मराठी माणसं चांगलं ओळखतो. महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिक संघांचा महासंघ, म्हणजे ‘फेस्कॉम’, १९८०पासून आहे. डॉ. मदन कटारियांनी १९९५मध्ये मुंबईत सुरू केलेला हास्यक्लब जगभर गेला. हे सगळं सोबतीसाठी आहे आणि सोबत काही थोडीथोडकी गोष्ट नव्हे.

दुसरा प्रकार स्वमदत गटाचा. इथं एकाच दुखण्याची माणसं एकत्र येतात आणि अनुभव हेच भांडवल असतं. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकारानं १९९७मध्ये उभी राहिलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन हे याचं ठळक उदाहरण. या चळवळीनं मराठीला दोन चांगले शब्द दिले: आजार असलेला तो ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणारा तो ‘शुभंकर’. ‘पेशंट’ आणि ‘नातेवाईक’ या जोडीपेक्षा ही जोडी किती वेगळी वाटते ते गटात बसल्यावर कळतं. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळही याच वाटेवरचं.

तिसरा प्रकार खऱ्या अर्थानं गटोपचार. त्यात सभासद ठरलेले, सत्रं ठरलेली, प्रशिक्षित चालक असतो आणि सुरुवातीला व शेवटी मोजमाप होतं. वाद घालणारे अनेकदा या तीन प्रकारांपैकी वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात, म्हणून ही फोड करावी लागली.

मागचा रस्ता

गटोपचाराचा जन्म मनाच्या आजारातून झाला नाही, क्षयरोगातून झाला. १९०५मध्ये बोस्टनचे डॉ. जोसेफ प्रॅट सॅनेटोरियम न परवडणाऱ्या गरीब क्षयरोग्यांचा आठवड्याला वर्ग घेऊ लागले. कुणाचं वजन किती वाढलं, खिडकी उघडी ठेवून झोपलात का, असा साधा हिशेब तिथं चाले. रोगी एकमेकांना पाहून सुधारतात हे त्यांच्या लक्षात आलं. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ थोडे आणि मनानं मोडलेले सैनिक भरपूर होते. तिथून गटोपचाराला शास्त्राचं रूप येऊ लागलं. १९७०मध्ये अर्विन यालोम यांचं या विषयावरचं पाठ्यपुस्तक आलं. गट का लागू पडतो याची जी कारणं त्यांनी मांडली, त्यांतलं एक कुणालाही पटेल असं आहे: हे फक्त माझ्याच नशिबी आलेलं नाही, ही जाणीव.

एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. गटाचा शोध बहुतेक वेळा टंचाईतून लागला आहे. त्यामुळे गट हा चांगला उपचार आहे की स्वस्त उपचार, ही शंका त्याच्या पाठीवर जन्मापासूनच बसलेली आहे.

आपल्याकडेही असंच झालं. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात जागा आणि माणसं अपुरी होती. डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू टाकून राहायला बोलावलं आणि रुग्ण व घरची माणसं यांना एकत्र बसवून त्यांच्याशी बोलणं सुरू केलं. रुग्ण लवकर घरी जाऊ लागले. भारतातल्या सामुदायिक मानसोपचाराचा इतिहास अनेक जण त्या तंबूंपासून सांगतात. पुढं १९८२मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला आणि कर्नाटकातल्या बेल्लारीतल्या प्रयोगावर बेतलेला जिल्हा कार्यक्रम १९९६पासून. या दोन्हींचा भर गोळ्या गावापर्यंत पोचवण्यावर राहिला. गट त्यात जवळपास नव्हताच आणि वृद्ध त्याहूनही कमी.

वृद्धांकडे पाहण्याची नजर बदलली ती निराळ्या दारातून. म्हातारा माणूस जुनंच बोलत बसतो हे बुद्धी ओसरल्याचं लक्षण मानलं जाई. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३मध्ये उलट मांडलं: आयुष्य संपत आल्यावर मागं वळून हिशेब लावणं हे मनाचं नैसर्गिक काम आहे. त्यातून आठवणींचे गट निघाले.

पुरावा कुठं भक्कम, कुठं तोकडा

‘मानसिक आजार असलेले वृद्ध’ असं एका दमात म्हणणं सोपं आहे, पण त्यात किमान तीन वेगळी माणसं आहेत. एक, साठीनंतर उदासीनं घेरलेला. दुसरा, स्मृतिभ्रंश झालेला. तिसरा, पंचविशीत स्किझोफ्रेनिया झाला आणि त्याच आजारासह म्हातारा झाला असा. तिघांसाठी गटाचा अर्थ वेगळा आहे आणि पुरावाही.

स्मृतिभ्रंशाबाबत चित्र सर्वांत स्वच्छ दिसतं. लंडनमध्ये एमी स्पेक्टर आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या बोधन-उत्तेजन उपचाराची चाचणी २००३मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात २०१ वृद्ध होते. आठवड्यातून दोनदा पाऊण तास, सात आठवडे, एकूण १४ सत्रं. गट स्वतःला नाव देतो, एक गाणं निवडतो, चेंडू झेलतो, आजच्या बातमीवर बोलतो. कुणाला ‘चूक’ म्हणायचं नाही. मत विचारायचं, पाठांतर नाही. सौम्य आणि मध्यम स्मृतिभ्रंशात बुद्धीच्या कामात आणि जगण्याच्या समाधानात सुधारणा दिसली. ब्रिटनच्या आरोग्ययंत्रणेनं हा उपचार मार्गदर्शक सूचनांत घेतला आणि चेन्नईच्या ‘स्कार्फ’ संस्थेनं तो तमिळ वृद्धांसाठी रुळवला. आजार थांबत नाही, हे सगळेच मान्य करतात. प्रश्न राहतो तो सात आठवड्यांनंतरचा.

उदासीचं चित्र धूसर आहे. वृद्धांच्या नैराश्यावरील गटोपचाराच्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा २०११मध्ये निघाला. उपचाराची नुसती वाट पाहणाऱ्यांपेक्षा गटातली माणसं सुधारली, पण फरक माफक होता. तुलनेतल्या लोकांनाही काहीतरी कार्यक्रम दिला होता तिथं हा फरक फारसा उरला नाही. टीकाकार याच मुद्द्यावर बोट ठेवतात. मग उपचार कशाचा झाला, तंत्राचा की एकत्र येण्याचा? समर्थक म्हणतात, एकत्र येणं हेच औषध असेल तर त्यात वाईट काय? दोघांचंही म्हणणं त्या आकड्यांत बसतं.

सामुदायिक गटोपचाराचं सर्वांत गाजलेलं यश युगांडातलं आहे. २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या चाचणीत ३० गावं होती. पुरुषांचे गट वेगळे, बायकांचे वेगळे. चालक त्याच भागातले, जुजबी प्रशिक्षण घेतलेले. आठवड्याला एक याप्रमाणे १६ बैठका. नैराश्याला स्थानिक लोक ज्या नावांनी ओळखतात तीच नावं वापरली. शेवटी उपचार मिळालेल्यांत तीव्र नैराश्य ६.५ टक्के उरलं, न मिळालेल्यांत ५४.७ टक्के. इतका मोठा फरक पाहून जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६मध्ये या पद्धतीची पुस्तिका काढली. ती चाचणी खास वृद्धांची नव्हती, हे मात्र उद्धृत करणारे बरेचदा सांगायचं विसरतात.

तिसऱ्या माणसाबद्दल, म्हणजे दीर्घ आजारासह म्हाताऱ्या झालेल्याबद्दल, फारच थोडं हाती लागतं. सॅन डिएगोमध्ये २००५च्या अभ्यासात ७६ प्रौढ आणि वृद्ध स्किझोफ्रेनियाग्रस्तांना गटात बसवून विचारांना तपासून पाहण्याची आणि लोकांत वावरण्याची कौशल्यं शिकवली. रोजच्या कामांत ते सुधारले, पण भास आणि भ्रमांत विशेष फरक पडला नाही. भारतात याविषयीची मोठी चाचणी तमिळनाडू, गोवा आणि आपल्या साताऱ्यात झाली. २८२ रुग्ण, गावातलेच प्रशिक्षित कार्यकर्ते, निष्कर्ष २०१४मध्ये. तिच्यात भाग घ्यायची कमाल वयोमर्यादा होती ६० वर्षं. म्हातारपण सुरू होतं तिथंच अभ्यास संपला.

गोव्याचा धडा आणि एक उलटं चित्र

भारतातला वृद्धांपुरता सर्वांत विश्वासार्ह अभ्यास गोव्यातला आहे, आणि तो गटाचा नाही. ‘संगत’ संस्थेनं पिट्सबर्गच्या संशोधकांसोबत साठीपुढच्या १८१ माणसांवर काम केलं. ही माणसं नैराश्याच्या उंबरठ्यावर होती, आत गेलेली नव्हती. साध्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी प्रत्येकाशी एकेकट्यानं काही सत्रं घेतली. अडचण फोडून तिचे तुकडे कसे करायचे, झोप कशी सुधारायची, साखर आणि रक्तदाब कसे सांभाळायचे, सरकारी योजनेचा अर्ज कुठं द्यायचा, असं त्यांचं स्वरूप होतं. वर्षाअखेर नैराश्य जडण्याचं प्रमाण ही सत्रं मिळालेल्यांत ४.४ टक्के आणि नेहमीची देखभाल मिळालेल्यांत १४.४ टक्के होतं. हे निष्कर्ष २०१९मध्ये आले. त्याआधी २००८मध्ये बार्देश आणि तिसवाडी तालुक्यांत स्मृतिभ्रंश असलेल्या ८१ कुटुंबांच्या घरी जाऊन केलेल्या कामानं काळजी घेणाऱ्यांचा मानसिक ताण कमी झाला होता.

पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतल्या केंद्रानं नाशिक जिल्ह्यातल्या गावांत सुरू केलेला आणि पुढं गुजरातच्या मेहसाणात ६४५ गावांत तपासलेला ‘आत्मीयता’ हा उपक्रमही असाच. गावातला स्वयंसेवक माणसाला गाठतो आणि त्याच्याशी चार-सहा वेळा बोलतो.

म्हणजे चित्र थोडं उलटंच आहे. आपल्या समाजात गट मुबलक आणि एकट्याला गाठून नीट बोलण्याची पद्धत विरळ. पण तपासून पाहिलेला पुरावा आहे तो एकट्याला गाठण्याचा. वृद्धांच्या गटांवर भारतात जे आहे ते मुख्यतः वृद्धाश्रमांत केलेले छोटे अभ्यास, काही डझन माणसांचे आणि काही आठवड्यांचे. ते उत्साहवर्धक असले तरी त्यांच्यावर धोरण उभं करायला कुणी सावध माणूस तयार होणार नाही.

मतं कुठं फुटतात

मानसोपचारतज्ज्ञांमधल्या अनेकांचा आग्रह असतो की निदान आधी, गट नंतर. म्हाताऱ्याची उदासी ही कधी थायरॉइडची असते, कधी बी-१२च्या कमतरतेची, कधी येऊ घातलेल्या स्मृतिभ्रंशाची आणि कधी रक्तदाबाच्या गोळ्यांची. ते न तपासता ‘चला, सगळे मिळून बोलूया’ म्हणणं म्हणजे ताप न मोजता काढा देणं. आत्महत्येचे विचार असलेला माणूस गटात शांत बसून राहतो आणि अननुभवी चालकाला ते कळत नाही, ही त्यांची भीती खरी आहे.

सार्वजनिक आरोग्यात काम करणाऱ्यांचं उत्तर गणिताचं असतं. वार्धक्याविषयीच्या देशव्यापी ‘लासी’ पाहणीत, २०१७-१८मध्ये, साठीपुढच्या सुमारे ८ टक्के लोकांत नैराश्याची लक्षणं सापडली. डॉक्टरनं निदान केल्याचं सांगणारे मात्र त्याच्या दशांशाच्या आसपास. तज्ज्ञांची वाट पाहायची म्हटलं तर ही दरी या पिढीत भरणार नाही. म्हणून आशा कार्यकर्ती, निवृत्त शिक्षिका, शेजारीण यांना शिकवून काम सोपवा. झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६पासून हरारेतल्या आज्यांनाच समुपदेशक केलं. दवाखान्याबाहेर बाकावर आधी एकेकट्याशी बोलणं आणि मग बरे होत आलेल्यांचा एकत्र गट, हा त्यांचा क्रम. एकटं आधी आणि गट नंतर हे सूत्र माझ्या मते या साऱ्या चर्चेतलं सर्वांत कमी लक्षात घेतलेलं सूत्र आहे.

स्वमदत चळवळीचं म्हणणं या दोघांपेक्षा वेगळं. त्यांना ‘उपचार’ हा शब्दच पुरता मानवत नाही. गट हा माणसानं माणसाला दिलेला आधार आहे आणि त्याला सत्रसंख्या लावली की त्याचा जीव जातो. पुण्यातल्या गटांत वीस वीस वर्षं येणारे शुभंकर आहेत, त्यांना ‘तुमची १४ सत्रं संपली’ असं कोण सांगणार? याला संशोधकांची हरकत अशी की न मोजलेला आधार कुणाला मिळतो आणि कुणाला नाही, हे कधीच कळत नाही.

आणि एक बाजू फार कमी ऐकू येते, ती काळजी घेणाऱ्यांची. अनेक घरांत प्रश्न म्हाताऱ्याला गटात न्यायचा नसतो, त्याला दोन तास कुणाकडं तरी ठेवून सून किंवा बायको बँकेत जाऊन येईल का, हा असतो. तिच्या दृष्टीनं गट हा पाळणाघरासारखा आहे. यात काही कमीपणा नाही. पण उपचाराची पुस्तिका लिहिणाऱ्याच्या मनात हे नसतं.

भिलाईत आणून पाहिलं तर

हे सगळं भिलाईत ठेवून पाहावंसं वाटतं, कारण हे शहर एका अर्थानं म्हातारपणासाठी तयार झालेलं आहे. इथल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत मदतीचा करार १९५५चा. ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. देशभरातून तरुण माणसं जवळपास एकाच वेळी आली आणि जवळपास एकाच वेळी निवृत्त झाली. नंतरच्या दशकांत कायम कामगारांची संख्या निम्म्याहून खाली आली. मुलांना कारखान्यात नोकरी मिळाली नाही, ती बाहेर गेली. आखीव सेक्टर, रुंद रस्ते, चालत जाता येईल अशा बागा, सेक्टर ९चं मोठं रुग्णालय हे सगळं इथं आहे. सात आठवड्यांचा गट चालवायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

तरी अडचणी आहेतच, आणि त्या या शहराच्याच आहेत. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे मानववंशशास्त्रज्ञ जॉनथन पॅरी यांनी १९९३पासून इथं दीर्घ क्षेत्रकार्य केलं. त्यांच्या २०१२च्या निबंधाचा विषय होता भिलाईतल्या आत्महत्या. त्यांचं निरीक्षण चकित करणारं होतं: आत्महत्या कंत्राटी, गरीब मजुरांपेक्षा कारखान्याच्या सुस्थितीतल्या कायम कामगारांच्या थरात अधिक ठळक दिसत होत्या. हा अभ्यास वृद्धांचा नव्हता. पण पगार, क्वार्टर आणि प्रतिष्ठा असलेल्या माणसाचं दुःख इथं उघड बोलण्याजोगं मानलं जात नाही, एवढं त्यातून जाणवतं. कारखान्याच्या वसाहतीत शेजारी हाच सहकारी, तोच युनियनवाला आणि कधी तोच होणारा व्याही. गटात बोललेलं गटातच राहील, हे आश्वासन अशा ठिकाणी किती जण खरं मानतील?

आठवणींचा गट घ्यायचा तर सामग्री ढीगभर आहे: पहिली भट्टी, रशियन अभियंते, मैत्रीबाग, शिफ्टचे भोंगे. पण आठवण सगळ्यांची एक नाही. एकासाठी कारखाना म्हणजे पहिला पगार. ज्याची शेती त्या कुंपणाच्या आत गेली त्या आसपासच्या गावातल्या म्हाताऱ्यासाठी तो काय आहे, हे वेगळं सांगायला नको. कंत्राटी म्हणून आयुष्य काढलेल्याची आठवण तिसरीच. या तिघांना एका वर्तुळात बसवणारा चालक फार तयारीचा लागेल.

भाषेचं तसंच. भिलाई स्वतःला कौतुकानं ‘मिनी इंडिया’ म्हणवते आणि सामाईक भाषा हिंदी. मात्र स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा आधी निसटते आणि आईची भाषा बराच काळ टिकते, असं पुष्कळ घरांत दिसतं. तेलुगू, मल्याळी, बंगाली आणि मराठी वृद्धांचा एकत्र हिंदी गट सुरुवातीला चालेल, पण आजार वाढला की ज्याला गटाची गरज जास्त तोच आधी गप्प होईल. मग भाषावार गट करायचे का? इथली मराठी, तेलुगू, बंगाली, मल्याळी मंडळं आहेत, सणावाराला माणसं जमतात. सोयीचा मार्ग तोच दिसतो. मात्र छत्तीसगढी बोलणारा, ज्याचं असं मंडळ नाही, तो आपल्याच मुलखात बाहेर राहतो.

बायकांचा विचार वेगळा करावा लागेल. पुरुष शिफ्टमधून निवृत्त झाला. बाईचं स्वयंपाकघर सुटत नाही. विधवा झाल्यावर तर संध्याकाळी बाकावर जाऊन बसणं बहुतेकींना सुचतही नाही. तिची जागा भजनी मंडळ किंवा देऊळ. युगांडात स्त्री-पुरुषांचे गट वेगळे ठेवले होते, त्यामागं अशीच काही समजूत असावी. शहराबाहेर गेलं तर प्रश्न याहून कठोर होतो. एकटी, स्वतःशी बोलणारी म्हातारी बाई ‘टोनही’, म्हणजे चेटकीण, ठरू शकते. छत्तीसगढला २००५मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. अशा बाईसाठी गटाच्या आधी संरक्षण येतं.

राज्याच्या हाती साधनं अगदीच नाहीत असं नाही. बिलासपूरजवळ सेंदरीला मनोरुग्णालय आहे. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’नं प्राथमिक केंद्रांतल्या डॉक्टरांना दूरसंवादातून मानसोपचाराचं प्रशिक्षण दिलं आहे. २०२२पासून १४४१६ हा ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी मदतसेवेचा क्रमांक आहे. आणि बिलासपूर जिल्ह्यातल्याच गनियारीचं जन स्वास्थ्य सहयोग दीर्घ आजारांच्या रुग्णांचे गट चालवतं, जिथं गोळ्यांबरोबर एकमेकांची चौकशीही होते. भिलाईला खनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहरात खाणकामगारांनी १९८३मध्ये स्वतःच्या बळावर शहीद रुग्णालय उभं केलं आणि कामगारनेते शंकर गुहा नियोगींच्या काळात दारूविरुद्ध सामूहिक मोहीम चालवली. मानसोपचाराच्या पुस्तकांत ती मोहीम सापडणार नाही. व्यसन हे एकट्या माणसाचं लज्जास्पद गुपित न ठेवता साऱ्या वस्तीचं काम करणं, ही गोष्ट मात्र या प्रदेशाला नवी नाही.

सगळ्यांत मोठं साधन म्हणजे मितानीन. २००२पासून पाड्यापाड्यात आरोग्याचं काम करणाऱ्या या सुमारे ७० हजार बायकांचं नाव छत्तीसगढच्या एका जुन्या रिवाजावरून आलं आहे. दोन माणसं महाप्रसाद, गंगाजल किंवा भोजलीच्या साक्षीनं आयुष्यभराचे मितान होतात आणि त्यांची घरं जोडली जातात, अनेकदा जात ओलांडून. हे नातं गटाचं नव्हे, दोघांचं. गोवा आणि हरारे जे आकड्यांनी सांगतात, त्याचा एक धागा इथल्या मातीत आधीच आहे. मितानीनच्या खांद्यावर लसीकरणापासून बाळंतपणापर्यंतचं ओझं असताना आणखी एक काम टाकावं का, हा प्रश्न मात्र त्या रिवाजानं सुटत नाही.

जे सुटलेलं नाही

काही प्रश्न छोटे दिसतात, पण गट त्यांवरच मोडतात. वृद्धांना कमी ऐकू येतं. बारा जणांच्या वर्तुळात, पंखा गरगरत असताना, निम्मे जण नुसते मान हलवतात. जवळ स्वच्छतागृह नसेल तर बायका दुसऱ्यांदा येत नाहीत. स्मृतिभ्रंश असलेल्यांची बेचैनी पुष्कळदा संध्याकाळी वाढते, म्हणून गट सकाळी हवा. पण सकाळ म्हणजे घरातल्या सुनेची सर्वांत धावपळीची वेळ. आकाराबाबत मात्र फारसा वाद नाही: माणसं थोडीच हवीत.

मोठे प्रश्न अजून उघडेच आहेत. गोव्यात एकट्याला दिलेलं तेच शिक्षण गटात दिलं तर परिणाम टिकेल का, हे पाहण्याजोगी मोठी चाचणी भारतात अजून हवी आहे. परिणाम एका वर्षापलीकडे राहतो का आणि त्यासाठी गट कायम चालू ठेवावा लागतो का, याबद्दल पुरावा पातळ आहे. चालकाला मानधन द्यावं की सेवाभावावर सोडावं यावर संस्थांमध्ये सरळ दोन तट आहेत. मानधन नसेल तर काम दोन वर्षांत थकतं, असं एक म्हणतो. मानधन आलं की आपलेपणा जातो, असं दुसरा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मनोरुग्णाला समाजात राहण्याचा हक्क दिला. त्या हक्कात गावातल्या किंवा सेक्टरमधल्या गटाचा खर्च सरकारनं उचलणं येतं का, हे कुणी नीट मांडून पाहिलेलं दिसत नाही.

आणि मग तो न आलेला गृहस्थ. नैराश्याचा पहिला घाव इच्छेवर बसतो, म्हणून ज्याला गटाची गरज सर्वाधिक तोच घरातून निघत नाही. बाकावरचे मित्र त्याला आळशी किंवा मानी समजतात. घरचे ‘वय झालं आता’ म्हणतात. चाचणीच्या शास्त्रात एक कडक नियम आहे: ज्याला गटात नेमलं पण जो एकदाही आला नाही, त्यालाही शेवटच्या हिशेबात धरायचं, नाहीतर निकाल फुगतो. कार्यक्रमांचे अहवाल हा नियम पाळत नाहीत; त्यांत उपस्थितीचे आकडे असतात, सह्यांचे कागद असतात, गोल बसलेल्या माणसांचे फोटो असतात. उद्या भिलाईच्या एखाद्या सेक्टरात असा गट सुरू झाला, तर त्याच्या वहीत अनुपस्थितांसाठी वेगळा रकाना आखावा लागेल आणि त्या नावांच्या दारापर्यंत कोण जाणार, मितानीन, युनियनचा जुना सोबती की बाकावरचा शेजारी, ते गट सुरू व्हायच्या आधी ठरवावं लागेल.